शंभर पेशींचे जाळे आणि आकडीचे कोडे

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांची आकडी औषधांनी आटोक्यात येत नाही. आकडीच्या वेळी असंख्य चेतापेशी एकाच लयीत चेततात, हे मेंदूच्या विद्युत् आलेखात दिसते. हा मेळ जुळतो कसा, ते दिसत नाही. पेशीत इलेक्ट्रोड घातला तर जाळे कळत नाही, जाळ्याकडे पाहिले तर पेशी हरवते. संगणकीय प्रतिमानाचे काम या दोहोंच्या मधे आहे. मात्र ते मेंदूसारखे किती दिसते, यावर त्याची किंमत करू नये. जे अजून कोणी पाहिलेले नाही आणि प्रयोगात खोटे ठरू शकते, असे काही ते सांगते का, एवढेच विचारावे.

रॉजर ट्रॉब आणि रॉबर्ट वाँग यांचे १९८२ चे काम या कसोटीला उतरते. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ मध्ये माकुळाच्या जाड चेतातंतूवरून विद्युत् संदेशाची समीकरणे मांडली होती. त्याच धर्तीवर ट्रॉब आणि वाँग यांनी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या अवघ्या १०० पेशींचे जाळे संगणकात उभे केले. जोडण्या विरळ, वाटेल तशा टाकलेल्या. दमन करणारे संदेश पूर्ण बंद, कारण प्रयोगात पेनिसिलिनने आकडी आणली जाते तेव्हा दमनच दुबळे होते. मोजक्या पेशी चेतवल्या की काही काळ शांतता असे आणि मग सगळे जाळे एकदम उसळे. हा विलंबच बोलका होता. एका पेशीचा उद्रेक दोन-चार पेशींना चेतवतो, त्या आणखी काहींना, आणि वणव्यासारखा तो पसरत जातो. हे खरे असेल, तर सुरुवात करायला एकच पेशी पुरायला हवी! ऐकायला हे अतिशयोक्तच वाटते. पण रिचर्ड माइल्स आणि वाँग यांनी १९८३ मध्ये गिनीपिगच्या हिप्पोकॅम्पसच्या कापांत दमन रोखून एकेक पेशी चेतवली, तेव्हा काही पेशींनी खरोखरच सारा समूह चेतवला.

शंभर पेशी म्हणजे मेंदू नव्हे, हा आक्षेप बरोबर आहे, पण फारसा बोचणारा नाही. तपशील कमी होते म्हणूनच कारण हाती लागले. बोचणारा आक्षेप निराळा आहे. प्रिन्झ, बुशर आणि मार्डर यांनी २००४ मध्ये शेवंडाच्या जठराची लय चालवणाऱ्या छोट्या जाळ्याची २ कोटींहून अधिक प्रतिमाने तपासली. त्यांतल्या ४ लाखांहून अधिक प्रतिमानांनी जवळपास तीच लय दिली, आणि पेशींचे गुणधर्म व जोडण्यांची ताकद मात्र त्यांत परस्परांहून फार वेगळी होती. म्हणजे आलेखाशी जुळणारे प्रतिमान योग्य कारणाने जुळते, याची हमी नाही. अपस्मारात तर हे जास्तच जाचते, कारण वेगवेगळ्या बिघाडांतून सारखीच दिसणारी आकडी येऊ शकते.

म्हणूनच मार्सेयच्या विक्टर जिर्सा यांच्या गटाचे काम सावधपणे वाचावे लागते. त्यांचे २०१४ चे ‘एपिलेप्टर’ हे प्रतिमान पेशी मोजतच नाही. पाच बदलत्या राशींत ते आकडीची सुरुवात आणि शेवट बसवते. पुढे रुग्णाच्या एमआरआयवरून त्याच्या मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढून, त्यावर हे प्रतिमान चालवून, आकडी कोठून उठते याचा अंदाज बांधला जाऊ लागला. तो भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्या जुन्या रुग्णांवर असा अंदाज जुळणे पुरेसे नाही, कारण सर्जनने तोच भाग प्रतिमानाशिवायही काढला असता. फ्रान्समध्ये २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘एपिनोव्ह’ चाचणीच्या आराखड्यानुसार एका गटाच्या डॉक्टरांना हा अंदाज आधी मिळतो, दुसऱ्या गटाच्या डॉक्टरांना मिळत नाही. दोन्ही गटांत शस्त्रक्रियेनंतर किती जणांची आकडी थांबते, हा आकडा प्रतिमानाच्या विरोधातही जाऊ शकतो.