पाली विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती

साकोली परिसरातील पालीचे विद्यार्थी पुष्कळदा विचारतात, "सर, सिंहली शिकायला श्रीलंकेत जायचे तर खर्च कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. पाली पोथ्यांचा मोठा साठा सिंहली लिपीत आहे. केवळ देवनागरीवर भागत नाही.

धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिंहलद्वीपी गेले आणि विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांपाशी पाली शिकले, ते राजाश्रयावाचून. पुढे १९०८ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये, तीन वर्षांसाठी, देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहावे व वर्षाला एक ग्रंथ लिहावा. कलकत्त्यातील अधिक वेतनाची नोकरी सोडून कोसंबींनी हे पन्नास रुपये पत्करले. याच संस्थानाने १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीही तीन वर्षांची. दोन्ही वेळी पैसा माणसावर खर्च झाला, आणि पुरेसा काळ झाला.

२०२० साली भारत सरकारने श्रीलंकेशी बौद्ध संबंध दृढ करण्यासाठी दीड कोटी डॉलरचे अनुदान घोषित केले. विहारांची दुरुस्ती, पुरातत्त्व, विद्वान व भिक्खूंचा संपर्क हे त्याचे हेतू होत. पुढे धार्मिक स्थळांच्या सौरविजेला अग्रक्रम मिळाला. विहारात दिवे लागावेत, याविषयी तक्रार नाही. परंतु 'विद्वान' या शब्दात अजून शिकू पाहणारा विद्यार्थी बसतो काय? परिषदेला आठ दिवसांत जाऊन येता येते, भाषेला दोन-तीन वर्षे द्यावी लागतात. तूर्त वर्णमाला विहारातच गिरवावी. अर्ज करताना ती येत असलेली बरी.