टपालानं मत: आजीला मिळतं, मग आपल्याला का नाही?

निवडणूक जाहीर झाली की आपल्या घरांतून दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला आजी-आजोबांचा: "आता आम्हाला जिने चढवत नाहीत, मत कसं द्यायचं?" दुसरा आपल्या पिढीचा: "नोकरी बंगळूरला, नाव बडोद्याच्या यादीत. टपालानं मत पाठवता येईल ना?" पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' आहे, दुसऱ्याचं 'नाही'. पण दोन्ही उत्तरं घरात कळतात ती मतदानाच्या आठवड्यात, आणि तोवर अर्जाची मुदत संपलेली असते. म्हणून निवडणुकीची गडबड नसतानाच हे लिहून ठेवतो.

टपाली मत कोणाला?

आपल्या देशात टपाली मत ही सर्वांसाठीची सोय नाही. कायद्यानं ठरवून दिलेल्या गटांनाच ते मिळतं. सैन्यदलातले लोक त्यात पहिले. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीमुळे आपल्यातल्या कितीतरी घरांना ही सोय माहीत असेल. जवानाला मतपत्रिका आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पोचते. तो ती छापून घेतो, खूण करतो आणि टपालानं परत पाठवतो. त्याच्यासोबत राहणाऱ्या जोडीदारालाही हा हक्क आहे.

दुसरा गट निवडणुकीच्या कामावर नेमलेल्यांचा. घरात कुणी शिक्षक किंवा सरकारी नोकर असेल तर त्यांच्यासाठी फॉर्म १२ आहे. नेमणूक स्वतःच्याच मतदारसंघात असेल तर फॉर्म १२ए भरून ड्युटीच्या केंद्रावरच मत देता येतं. वीज, रेल्वे अशा अत्यावश्यक सेवांतल्या ज्यांना आयोगानं अधिसूचित केलं असेल, त्यांनाही टपाली मताचा अर्ज करता येतो.

आपल्या बहुतेक घरांशी संबंध येतो तो तिसऱ्या गटाचा, म्हणजे वृद्ध आणि दिव्यांग मतदारांचा. २०१९ मध्ये नियम बदलून ८० वर्षांवरच्या मतदारांना ही सोय दिली गेली. मार्च २०२४ मध्ये ती वयोमर्यादा ८५ झाली. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर वयाची अट नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ही घरबसल्या मतदानाची सोय पहिल्यांदा देशभर मिळाली. त्यासाठीचा अर्ज म्हणजे फॉर्म १२डी.

खरी अडचण तारखेची

फॉर्म सोपा आहे. नाव, पत्ता, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, सही. बीएलओ तो घरी आणून देतात आणि भरलेला घेऊनही जातात. अडचण आहे ती मुदतीची. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत अर्ज पोचावा लागतो. लक्षात घ्या, मतदानाच्या आधी पाच दिवस नव्हे, अधिसूचनेनंतर पाच दिवस.

२०२४ चं उदाहरण घेऊ. निवडणूक जाहीर झाली १६ मार्चला. बडोदा, बेळगाव, ग्वाल्हेर आणि गोवा इथलं मतदान ७ मे रोजी होतं, आणि त्या टप्प्याची अधिसूचना १२ एप्रिलला निघाली. म्हणजे अर्जाची मुदत १७ एप्रिल. इंदूर आणि हैदराबादला मतदान १३ मे रोजी, अधिसूचना १८ एप्रिलला, म्हणून मुदत २३ एप्रिल. मतदानाला जवळजवळ तीन आठवडे आहेत म्हणून घरचे निवांत असतात, तेव्हाच हे दार बंद होतं.

दुसरी खोच वयाची आहे. बीएलओंच्या हातातली यादी मतदारयादीत नोंदलेल्या वयावरून बनते. आमच्या शेजारचे आजोबा ८७ वर्षांचे, पण यादीत त्यांचं वय ८२. त्यांचं नाव पात्र मतदारांत आलंच नाही. भर उन्हात नातवांनी त्यांना रिक्षातून केंद्रावर नेलं. जन्मतारखेची ही दुरुस्ती फॉर्म ८ भरून करता येते, पण ती निवडणूक तोंडावर येण्याआधी करायला हवी.

निर्णय कोणाचा?

आमची आजी ८८ वर्षांची. २०२२ च्या विधानसभेला ती काठी टेकत केंद्रावर गेली होती. पुढच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं. बीएलओ फॉर्म घेऊन आल्या तेव्हा बाबा आणि काकांनी ठरवूनच टाकलं होतं: घरीच मतदान. आजीनं सही करायला नकार दिला.

तिची शंका रास्त होती. १२डी मंजूर होऊन टपाली मतपत्रिका दिली गेली की मतदारयादीत नावासमोर तशी खूण होते. मग मतदानाच्या दिवशी कितीही बरं वाटलं तरी केंद्रावर मत देता येत नाही. पथक आधी कळवून घरी येतं. मतदार भेटला नाही तर आणखी एकदा येतं. त्यानंतर संधी नाही. आजीनं विचारलं, "आणि मी मत देताना तुम्ही सगळे माझ्या डोक्यावर उभे राहणार का?" साठ-पासष्ट वर्षं पडद्याआड एकटीनं मत दिलेल्या बाईचा हा प्रश्न होता. घरात तिची औषधं, जेवण, झोप सगळं आम्ही ठरवतो. मत तेवढं तिचं उरलं होतं.

आम्ही फॉर्म देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि मुदत कधी संपते ते सांगितलं. दोन दिवसांनी तिनंच चष्मा मागितला आणि सही केली.

पथक आलं तेव्हा दोन मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओ घेणारा माणूस होता. व्हिडिओ सगळ्या प्रक्रियेचा होतो, पण मत कोणाला दिलं ते त्यात येत नाही. आम्ही सगळे गॅलरीत गेलो. अधिकाऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर आडोसा उभा केला. दृष्टी गेलेल्या किंवा हात चालत नसलेल्या मतदाराला सोबत एक प्रौढ व्यक्ती घेता येते. आजीला गरज नव्हती. तिनं खूण केली, घडी घातली, पाकीट स्वतः चिकटवलं. नंतर काकांनी विचारलंच, "कुणाला दिलंस?" ती म्हणाली, "चहा टाक."

दोन पाकिटांची हुशारी

माझ्या कामाच्या सवयीनं मला त्या पाकिटांचंच कौतुक जास्त वाटलं. मतपत्रिका आतल्या पाकिटात जाते. त्याला १३बी म्हणतात. मतदाराचं सही केलेलं घोषणापत्र, १३ए, वेगळं राहतं. दोन्ही मिळून बाहेरच्या १३सी पाकिटात. मतमोजणीच्या वेळी आधी घोषणापत्र तपासतात. सही, साक्षांकन, मतपत्रिकेचा क्रमांक जुळला तरच आतलं पाकीट उघडतं. घोषणापत्र नसेल किंवा त्यावर सही नसेल तर ते पाकीट न उघडताच बाद होतं. म्हणजे मत देणारा खरा आहे हे कळतं, पण त्यानं काय मत दिलं ते कळत नाही.

"बँकेचे लाखो रुपये ओटीपीवर जातात, मग मत का नाही?" असं आपण सहज म्हणतो. पण बँकेत कुणी किती पैसे पाठवले याची नोंद हवीच असते, आणि चूक झाली तर ती दुरुस्त करता येते. मतात नेमकी तीच नोंद राहता कामा नये. दोन कागदी पाकिटं हे काम करतात, आणि मोजणीच्या टेबलाजवळ उभ्या असलेल्या उमेदवाराच्या प्रतिनिधीलाही ते डोळ्यांनी दिसतं. ॲपमध्ये हा भरवसा सर्वांना दिसेल असा उभा करणं फार अवघड आहे.

आणि एकेक पाकीट महत्त्वाचं आहे. २००४ मध्ये कर्नाटकात संतेमरहळ्ळीची आणि २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याची विधानसभेची जागा एका मतानं ठरली होती.

आणि आपण?

पुणे, बंगळूर, हैदराबादला नोकरी करणाऱ्यांना टपाली मत नाही. परदेशात गेलेल्या भारतीय नागरिकाला फॉर्म ६ए भरून यादीत नाव ठेवता येतं, पण मत द्यायला इथे यावं लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगानं दूरच्या मतदानासाठी एका यंत्राचा नमुना जाहीर केला होता. त्यावर राजकीय पक्षांचे आक्षेप आले आणि ते वापरात आलेलं नाही.

आपल्यापुढे दोनच रस्ते आहेत. एक, मतदानाला गावी जाणं. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीची तरतूद कायद्यात आहे, आणि दुसऱ्या मतदारसंघात नोकरी करणाऱ्यालाही ती लागू होते. दुसरा, फॉर्म ८ भरून नाव राहत्या शहरात नेणं. दोन्हीकडे नाव ठेवणं मात्र बेकायदेशीर आहे.

माझी चुलत बहीण बंगळूरला असते. नाव हलवायला तिचं मन होईना. "पणजोबांपासून आपण बडोद्याच्या यादीत आहोत," हे तिचं म्हणणं. पण सलग दोन निवडणुकांत तिचं मत पडलं नव्हतं. बडोद्याच्या यादीत नुसतं छापलेलं नाव कुणालाच निवडून देत नव्हतं. गेल्या वर्षी तिनं फॉर्म ८ भरला. दिवाळीला ती बडोद्याला आली तेव्हा पूर्वीइतकीच बडोदेकर होती.

या रविवारी घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय आणि पत्ता मतदारयादीत तपासा. निवडणूक आयोगाच्या ॲपवर ते दिसतं. १९५० या क्रमांकावरही विचारता येतं. ८५ पुढचं कुणी असेल तर बीएलओंचा फोन नंबर आत्ताच लिहून ठेवा. आणि फॉर्म १२डी घरात आला की आधी आजीला विचारा, तिला काय हवंय.