राखेपासून घर : बिनसिमेंटचं काँक्रीट किती भरवशाचं?

कन्हान-कामठी परिसरात राख कुणाला नवी नाही. एकीकडे वेकोलिच्या कोळसा खाणी, दुसरीकडे खापरखेडा आणि कोराडीची वीज केंद्रं. आपल्याकडचा शंभर किलो कोळसा जाळला की साधारण ३० ते ४० किलो राख उरते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा इथला राख बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत पसरलं. त्यामुळे या राखेचं करायचं काय, हा आपल्या घरापर्यंत येणारा प्रश्न आहे.

त्याचं एक उत्तर म्हणजे अल्कलीने जोडलेलं बांधकाम साहित्य. यालाच जिओपॉलिमर असंही म्हणतात. हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डेव्हिडोविट्स यांनी १९७० च्या दशकात दिलं.

हे जमतं कसं?

सिमेंट पाण्याने घट्ट होतं. राखेचं तसं नाही. राखेत सिलिका आणि ॲल्युमिना असतात. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटच्या द्रावणात ते विरघळतात, पुन्हा एकमेकांत गुंफले जातात आणि दगडासारखे कडक होतात. आपले जुने कारागीर चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घालायचे. रसायन अगदी तेच नाही, पण नातं जवळचं आहे.

सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत जाळावी लागते. इंधनाचा धूर वेगळाच, खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड निघतो. राखेला ही भट्टी पुन्हा लागत नाही, म्हणून प्रदूषण कमी. पण ते शून्य होतं असं नाही, कारण सोडियम सिलिकेट बनवायलाही बरीच ऊर्जा लागते.

गुण आणि दोष

नीट बनवलं तर हे काँक्रीट नेहमीच्या काँक्रीटइतकं मजबूत होतं. आम्ल आणि आग ते चांगली सोसतं, म्हणून गटाराच्या पाइपसारख्या कामाला उपयोगी. ऑस्ट्रेलियात टूवूम्बाजवळचा वेलकॅम्प विमानतळ २०१४ मध्ये सुरू झाला. तिथे विमानं उभी राहतात त्या फरसबंदीतही हे काँक्रीट वापरलं आहे.

अडचणीही आहेत. आपल्याकडच्या राखेत चुन्याचं प्रमाण कमी असतं. त्यामुळे नुसत्या राखेचा माल घट्ट व्हायला ६० ते ८० अंशांची ऊब द्यावी लागते. पोलाद कारखान्यातलं स्लॅग मिसळलं तर साध्या तापमानातही काम होतं, पण मग माल लवकर आवळतो. राख प्रत्येक खेपेला सारखी येत नाही. प्रमाण चुकलं तर पृष्ठभागावर पांढरा लोणा येतो. आणि कॉस्टिक सोड्याने कातडी भाजते, डोळा जाऊ शकतो. म्हणून घरच्या अंगणात हा प्रयोग करूच नये.

मग आपण काय करावं?

भारतीय मानक आयएस १७४५२ हे २०२० मध्ये आलं. ते कारखान्यात तयार होणाऱ्या मालासाठी आहे. म्हणजे पेव्हर ब्लॉक, कडेचे दगड असा माल घ्यायला हरकत नाही. घराचा स्लॅब, बीम, कॉलम मात्र इंजिनिअरच्या सल्ल्याने नेहमीच्या सिमेंटमध्येच करावेत.

बाजारात मिळणारी करडी राखेची वीट बहुतेक वेळा वेगळी असते. तिच्यात चुना किंवा सिमेंट असतं. विकणाऱ्याला तसं सरळ विचारा. कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुन्हा तोला. तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली, म्हणजे तिने २० टक्क्यांहून जास्त पाणी प्यायलं, तर ती घेऊ नका.

पीपीसी सिमेंटमध्येही १५ ते ३५ टक्के राख असते. म्हणजे आपल्यातले बरेच जण राखेचं घर आधीच बांधत आहेत. फक्त त्याला निदान दहा दिवस पाणी मारावं लागतं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

मशीद किंवा मदरशाच्या आवारात ब्लॉक बसवताना कमिटीने लॅबचा चाचणी अहवाल मागावा. चंद्याचा पैसा अमानत आहे, स्वस्त म्हणून आंधळेपणाने माल उचलू नये. आणि सेंटरिंग, गवंडीकाम करणाऱ्या आपल्या मुलांनी हे तंत्र आताच शिकून घ्यावं. राख आपल्या दारातच आहे, तिचा रोजगार बाहेरच्यांच्या हाती का जावा?