उसाच्या फडातले सोबती

२००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर दिसू लागला. तो होता लोकरी मावा. ईशान्य भारताला जुनी असलेली ही कीड पश्चिम महाराष्ट्राला नवी होती. बघता बघता ती सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे आणि उत्तर कर्नाटकात पसरली. या माव्याच्या माद्या नराविना थेट पिल्लांना जन्म देतात, त्यामुळे संख्या झपाट्याने वाढते. रस शोषताना मावा चिकट द्रव सोडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि पान काजळून जाते. मग ऊसही खुरटतो आणि साखरउताराही घसरतो.

फवारणीचे पंप बाहेर निघाले, पण पुरुषभर उंचीच्या दाट फडात शिरून पानाची खालची बाजू भिजवणे जवळजवळ अशक्य. त्यात माव्याच्या अंगावरचे मेण औषध टिकू देत नाही.

माव्याच्या मागोमाग त्याला खाणारेही फडात आले. त्यातली डिफा ही एका पतंगाची अळी. तिला कोनोबाथ्रा असेही म्हणतात. बहुतेक पतंगांच्या अळ्या पाला खातात; ही माव्याच्या थरात रेशमी जाळे विणून मावाच फस्त करते. दुसरा भक्षक मायक्रोमस, म्हणजे नाजूक पंखांचा तपकिरी कीटक. तो अळी असतानाही मावा खातो आणि पंख फुटल्यावरही. शेडनेटखाली माव्याने भरलेल्या उसावर या भक्षकांची पैदास केली गेली. शेतकऱ्यांनी त्यांच्या अळ्या असलेली पाने कापून दुसऱ्या फडात नेऊन लावली. हेक्टरी १,००० कोनोबाथ्रा किंवा २,५०० मायक्रोमस अळ्या सोडण्याची शिफारस झाली. पुढच्या काही वर्षांत माव्याचा जोर ओसरला. मात्र हे भक्षक सोडल्यावर तिथे कीटकनाशक फवारले, तर आधी तेच मरतात. हाताशी पंप असताना थांबून राहणे हाच या पद्धतीचा सर्वांत अवघड भाग आहे, आणि सल्ला देणारे नेमके त्यावरच कमी बोलतात.

उसाला असे मदतनीस खताच्या बाजूनेही मिळाले आहेत. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठीत रायझोबियम हा जिवाणू हवेतला नत्र बांधतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. उसाला अशा गाठी नसतात. पण १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये जोहाना डोबेराइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या मुळांत आणि कांड्यांत, गोड रसातच राहून नत्र बांधणारा जिवाणू असल्याचे दाखवून दिले. आज आपल्याकडे बेणेप्रक्रियेसाठी वापरला जाणारा ॲसेटोबॅक्टर तो हाच. लागणीच्या वेळी १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू कालवून त्यात हेक्टरभराचे बेणे अर्धा तास बुडवायचे. या प्रक्रियेनंतर नत्रखत निम्म्याने आणि स्फुरद पाव हिश्श्याने कमी करता येते, असे कृषी विद्यापीठाची शिफारस सांगते. खताच्या बिलाशी झगडणाऱ्या घरासाठी ही बचत लहान नाही.

या जिवाणूंची पाकिटे म्हणजे जिवंत माल आहे. टपरीवजा दुकानात उन्हात पडलेले किंवा मुदत उलटलेले पाकीट म्हणजे नुसती माती. बुरशीनाशकाची प्रक्रिया करायची असेल तर ती आधी उरकावी, जिवाणू शेवटी; दोन्ही एकाच पिंपात कालवले तर पैसे वाया जातात.

जमिनीतल्या जिवाणूंना खायला सेंद्रिय पदार्थ लागतो, आणि तोच आपण तोडणीनंतर काडी लावून जाळतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट! ते सरीत दाबून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले, तर खोडव्याला घरचेच खत मिळते, ओल टिकते आणि तणही दबते. इतक्या सोप्या कामाकडे आजही पाठ फिरवली जाते, याची खंत वाटते.

किडींमध्ये हुमणीचा प्रश्न माव्याहून चिवट. ही भुंगेऱ्याची अळी जमिनीत राहून मुळे कुरतडते, म्हणून तिला मारणारी मेटारायझियम ही बुरशी शेणखतात मिसळून जमिनीत द्यावी लागते. पण खरी संधी वळवाच्या पहिल्या पावसानंतर मिळते. तेव्हा संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडायचे, गोळा करायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. हुमणीची वर्षाला एकच पिढी होते, त्यामुळे अंडी घालण्याआधी मारलेली प्रत्येक मादी म्हणजे वर्षभराचा त्रास कमी. मात्र हे भुंगेरे बांध ओळखत नाहीत. शेजारच्या रानातल्या बाभळी तशाच राहिल्या तर एकट्याचे कष्ट फुकट जातात, म्हणून हे काम गावाने ठरवून, सलग काही संध्याकाळी, एकत्र करावे लागते.