तारेच्या टोकावरची बेटे

'एमडन' या जर्मन युद्धनौकेने २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या, हे तुम्ही ऐकले असेल. तमिळमध्ये बेरकी माणसाला 'एमडन' म्हणू लागले ते त्यावरूनच. पण ही एमडन संपली कुठे? कोकोस ऊर्फ कीलिंग बेटांवर. ती नकाशात शोधायला मलाही बराच वेळ लागला होता.

जावाच्या नैर्ऋत्येला, सुमारे हजार किलोमीटरवर ही २७ प्रवाळबेटे आहेत. सगळ्यांचे क्षेत्रफळ मिळून अवघे १४ चौरस किलोमीटर. ज्वालामुखी खचत जातो, भोवतीचे प्रवाळ वाढत राहते आणि मधे उथळ पाणी उरते, या आपल्या उपपत्तीला डार्विनला १८३६ मध्ये इथेच पुष्टी मिळाली. नारळ सोडला तर लुटण्याजोगे इथे काही नव्हते.

मग युद्ध इथे आले कशाला? तारेसाठी. १९०१ पासून समुद्रतळावरून आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या आणि आफ्रिकेकडच्या तारा इथल्या डिरेक्शन बेटावर जुळत होत्या. त्या तोडल्या की ब्रिटिश साम्राज्याचा एक कानच बंद!

९ नोव्हेंबर १९१४ च्या सकाळी एमडनचे सुमारे ५० खलाशी बेटावर उतरले. त्याआधीच तारवाल्यांनी 'अनोळखी जहाज' असा संदेश पाठवला होता. बिनतारी यंत्रणेचा खांब पाडताना तो आमच्या टेनिस कोर्टावर पडू देऊ नका, अशी त्यांनी विनंती केली आणि जर्मनांनी ती मानलीही! तोवर जवळून चाललेल्या सैनिकी ताफ्यातली 'सिडनी' ही ऑस्ट्रेलियन नौका येऊन ठेपली. खिळखिळी झालेली एमडन कप्तान म्युलरने उत्तर कीलिंग बेटाच्या खडकावर चढवली. तिच्यावरचे १३४ जण मेले. किनाऱ्यावर अडकलेले खलाशी मात्र 'आयेशा' या जुन्या शिडाच्या जहाजातून निसटले आणि १९१५ मध्ये थेट कॉन्स्टँटिनोपलला पोचले.

यापुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात हीच तार राखायला सिलोनचे तोफची इथे ठेवले होते. मे १९४२ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी ग्रेशन फर्नांडो याच्या पुढाकाराने गोऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध बंड केले. ते एका रात्रीत मोडले. ऑगस्टमध्ये फर्नांडोसह तिघांना फाशी झाली. त्या महायुद्धात बंडासाठी फाशी गेलेले राष्ट्रकुलातले सैनिक हे तिघेच.

१९४५ मध्ये नारळाची झाडे तोडून पश्चिम बेटावर धावपट्टी झाली. आज प्रवासी विमाने तिथेच उतरतात.