गाळा विकून भाड्याचे घर घ्यायचे? आधी कराचा हिशेब पाहा

बाजारपेठेतला जुना गाळा विकायचा आणि त्या पैशांतून घर घेऊन भाड्याने द्यायचे, असा विचार अनेक व्यापारी व कारागीर करतात. उतारवयात दरमहा भाडे हाती येते, हे खरे. पण गाळा विकताना झालेल्या नफ्यावर आयकर लागतो. तो वाचवण्याचा कायदेशीर मार्ग १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५४ एफ मध्ये दिला होता. २०२५ च्या नव्या कायद्यात १ एप्रिल २०२६ पासून कलमांचे क्रमांक बदलले, तरी सवलत कायम आहे.

राहते घर सोडून दुकान, गोदाम, प्लॉट किंवा सोने अशी मालमत्ता विकली आणि ती २४ महिन्यांहून अधिक काळ आपल्याकडे होती, तर ही सवलत मिळते. पागडीच्या गाळ्याचा हक्क सोडून मिळालेली रक्कमही याच हिशेबात येते. विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांत भारतात एक घर विकत घ्यावे, अथवा ३ वर्षांत बांधावे. त्या घरात स्वतः राहण्याची अट नाही. ते भाड्याने देता येते.

बहुतेकांची गफलत येथे होते. केवळ नफा गुंतवून भागत नाही. खर्च वजा जाता विक्रीची जी रक्कम हाती येते, ती सगळी घरात घालावी लागते. समजा, १५ लाखांना घेतलेला गाळा ६० लाखांना विकला. नफा ४५ लाख. पूर्ण ६० लाखांचे घर घेतले तर कर शून्य. ४० लाखांचेच घेतले तर ३० लाखांचा नफा सुटतो आणि १५ लाखांवर कर भरावा लागतो. हा कर साडेबारा टक्के आहे. जमीन-इमारत २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली असेल, तर महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही खुला आहे. दोन्ही हिशेब करून जो कमी बसेल तो धरावा.

आता अटी पाहू. विक्रीच्या दिवशी आपल्या नावावर एकापेक्षा जास्त घरे असू नयेत. शहरातला फ्लॅट आणि गावचे वडिलोपार्जित घर अशी दोन्ही नावावर असतील, तर अडचण येऊ शकते. नवे घर ३ वर्षे विकू नये, नाहीतर सुटलेला नफा पुन्हा करपात्र होतो. गाळा भागीदारी पेढीच्या नावावर असेल तर ही सवलत नाही. गाळ्यावर घसारा घेतला असेल तर हिशेब निराळा होतो. ते सनदी लेखापालांना आधीच सांगावे.

वारशाने आलेल्या दुकानात भाऊ-बहिणींचे हिस्से असतात. प्रत्येकाच्या हिश्श्याचा नफा वेगळा मोजला जातो आणि ज्याने त्याने आपल्या हिश्श्यापुरती सवलत घ्यायची असते. एकाने सर्वांच्या पैशांतून घर घेतले तर इतरांचा कर वाचत नाही. दुकान वडिलांनी कधी घेतले तेही पाहावे, कारण त्यांचा काळ वारसांच्या खात्यात धरला जातो.

विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर ठरले नाही, तर उरलेली रक्कम बँकेतील ‘कॅपिटल गेन्स’ खात्यात ठेवावी. ती चालू खात्यात पडून राहिली तर सवलत जाते. जमीन-इमारतीच्या नफ्यासाठी ५० लाखांपर्यंतच्या सरकारमान्य रोख्यांचाही मार्ग आहे. पण त्यांवर व्याज मिळते. व्याज टाळू इच्छिणाऱ्यांना घराचाच मार्ग सोयीचा.

निम्मी रक्कम रोखीने घेण्याचा मोह टाळावा. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रोख घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय करारात रेडी रेकनरपेक्षा बरीच कमी किंमत दाखवली, तरी कर रेकनरप्रमाणेच मोजला जातो.

घर भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा. महाराष्ट्रात तो सक्तीचा आहे. भाड्यातून पालिकेचा भरलेला कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सूट मिळते. दुरुस्तीच्या पावत्या लागत नाहीत.

तेव्हा बयाणा घेण्यापूर्वीच सनदी लेखापालांकडे जावे. सौदा झाल्यावर तारखा आणि नावे बदलता येत नाहीत.