पिशवी उपडी झाली म्हणून

गेल्या पावसाळ्यात दिघीतल्या माझ्या मेडिकलात एक आजी आल्या. दर एकादशीला पायी आळंदी गाठणाऱ्या. दोन्ही घोटे टम्म सुजलेले. ‘चालून चालून सुजलेत गं पोरी, मलम दे,’ म्हणाल्या. मलम दिलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण सुटे पैसे शोधताना त्यांनी पिशवी काउंटरवर उपडी केली आणि गोळ्यांची तीन पाकिटं बाहेर पडली.

पहिलं पालिकेच्या दवाखान्यातलं, अ‍ॅम्लोडिपिन. दुसरं खासगी डॉक्टरांनी लिहिलेलं. चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून येताना मुलगा वाटेत घेतो ते. नाव वेगळं, रंग वेगळा, पण मागची बारीक अक्षरं वाचली तर टेल्मिसार्टनच्या जोडीला पुन्हा अ‍ॅम्लोडिपिनच. एक ‘सरकारी’ आणि एक ‘भारीतली’, म्हणून आजी दोन्ही घ्यायच्या. तिसरं लघवीच्या गोळीचं, सुजेसाठी तिसऱ्याच ठिकाणी मिळालेलं.

अ‍ॅम्लोडिपिननं काहींचे पाय सुजतात, डोस वाढला की जास्तच. बारीक धमन्या सैल पडतात आणि पाणी झिरपून घोट्यात उतरतं. मूत्रपिंडानं पाणी धरून ठेवल्याची ही सूज नव्हे, म्हणून लघवीची गोळी तिच्यावर फारशी चालत नाही. औषधाचा त्रास नवा आजार समजला गेला आणि त्यावर आणखी एक औषध आलं.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. प्रत्येकाला एकच पाकीट दिसलं, तिन्ही फक्त मला दिसली. पण गोळी बंद करायचा अधिकार मला नाही, आणि नसावाही. मी चिठ्ठी लिहून मुलाकडे दिली. खासगी दवाखान्याच्या दारातूनच ती परत आली: ‘आता मेडिकलवाली शिकवणार का?’ दुसऱ्या खेपेला मुलानं ती थेट डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी तिथल्या तिथे दोन पाकिटं थांबवली.

खरं तर रुग्णाशी त्याच्या औषधांबद्दल स्वतःहून बोलणं 2015च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी माझ्यावर सोपवलेलंच आहे. त्यातून कळलेलं डॉक्टरांपर्यंत पोचवायची वाट मात्र नाही. पालिकेच्या दवाखान्यातही फार्मासिस्ट असतो, पण खिडकीच्या जाळीआड, रांग संपवत.

इंग्लंडमध्ये 2015 पासून फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातच क्लिनिकल फार्मासिस्ट नेमायला सुरुवात झाली. त्यांच्या पगाराला सरकारी निधीही मिळाला. हा फार्मासिस्ट रुग्णाची सगळी औषधं तपासतो आणि दवाखान्याच्याच फाइलमध्ये नोंद करतो. आपल्याकडेही सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम 2008 मध्ये सुरू झाला. शिकून तयार झालेल्या या मुलामुलींसाठी वस्तीतल्या दवाखान्यात खुर्ची कुठे आहे?

पालिकेकडे माझं मागणं मोठं नाही. आठवड्यातून एक दुपार, जाळीबाहेर एक खुर्ची आणि केसपेपरवर फार्मासिस्टला लिहायला दोन ओळींची जागा.

तोवर तुम्ही एक करा. आम्ही मेडिकलवाले चार गोळ्या कापून देतो आणि औषधाचं नाव नेमकं आमच्याकडच्या तुकड्यावर राहतं. तसं झालं तर नाव लिहून मागा. आणि आईवडिलांच्या सगळ्या गोळ्या, पालिकेच्या, खासगी, आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत घालून तुमच्या मेडिकलात घेऊन जा. दुपारी दोन ते चार जा. तेव्हा गर्दी नसते.